मातशें सैल

“दादा, ह्याचा ट्रिगर शॉर्ट करून दे ना.”

मोसमात आठवड्यातून चार-पाच वेळा तरी हे कानावर येतं. विचारणारा बहुधा विशीतला असतो, दोन डाव खेळून आलेला, घामाने गॉगल धुरकटलेला, दंडावर हिरव्या रंगाचा फराटा. म्हापशाहून किनाऱ्याकडे जाताना रस्त्याच्या आत एक पेंटबॉलचं, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायच्या खेळाचं, मैदान आहे, तिथले मार्कर माझ्या हाताखाली असतात. हवा भरणं, नळी साफ करणं, क्रोनोग्राफवर गोळीचा वेग तपासणं, तुटलेली स्प्रिंग बदलणं ही सगळी कामं माझी. लोक गन म्हणतात. मी दर वेळी “मार्कर म्हणा” असं सांगतो आणि सांगत राहणार आहे, कारण मार्कर म्हणणारा माणूस तो हातात घेतानाही वेगळा घेतो.

ट्रिगर शॉर्ट करणं म्हणजे चापाची चाल कमी करणं. बोट ठेवल्यापासून गोळी सुटेपर्यंत, आणि सुटल्यावरही, चाप जेवढा हलतो ती त्याची चाल. बाहेरून बघणाऱ्याला ती एकच हालचाल दिसते. बोटाने सावकाश ओढून बघितलं तर तिचे तुकडे हाताला लागतात. सुरुवातीला चाप नुसता मागे येतो, काही घडत नाही, फक्त स्प्रिंगचा हलका विरोध जाणवतो. मग एका जागी तो अडतो. तिथे जरा जोर लावला की आत काहीतरी सुटतं आणि मार्कर वाजतो. त्यानंतरही चाप थोडा मागे जातो, त्या जाण्याचा काही उपयोग नसतो. आणि शेवटचा तुकडा परतीचा. बोट सैल सोडल्यावर चाप पुढे येतो आणि वाटेत कुठेतरी एक बारीक ‘टक’ होते. ती टक झाली म्हणजे मार्कर पुढच्या गोळीला तयार. नाही झाली तर तुम्ही कितीही ओढा, चाप मेलेला.

ही टक ऐकायला मला बरीच वर्षं लागली. म्हणजे कानावर रोज पडत होती. तिच्याकडे लक्ष द्यायचं असतं हे मला माझ्या बाबांनी शिकवलं, आणि त्यांनी तोपर्यंत पेंटबॉलचा मार्कर कधी पाहिलेला नव्हता.

आधी आत काय घडतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचे मार्कर साधे, यांत्रिक, बॅटरी नसलेले. टिपमन ९८ कस्टम नावाचा मार्कर जगभरच्या भाड्याच्या मैदानांवर दिसतो, त्याच कुळातले. यात हातोड्यासारखा एक जड बोल्ट असतो, मागून स्प्रिंगने रेटलेला. सिअर नावाचा पोलादाचा एक छोटा तुकडा त्याला दाताने अडवून धरतो. चाप ओढला की सिअरचा दात खाली सरकतो, बोल्ट पुढे झेपावतो, गोळी नळीत ढकलली जाते आणि त्याच झटक्यात व्हॉल्व्हवर टोला बसतो. व्हॉल्व्हमधून सुटलेली हवा दोन्हीकडे जाते. पुढची हवा गोळी घेऊन जाते, मागची हवा बोल्टला परत मागे लोटते आणि सिअर त्याला पुन्हा दातात पकडतो. तुमचं बोट अजून चापावर दाबलेलंच असतं, तरीही पकडतो, कारण तोवर सिअर चापावरून निसटून मोकळा झालेला असतो. बोट सोडल्यावर तो पुन्हा चापावर चढून बसतो. ती ‘टक’ म्हणजे हे चढून बसणं.

सगळं काम त्या दातावर आहे. मिलिमीटरभराची ती पकड.

चाल कमी हवी असते ती भराभर मारता यावं म्हणून. बोटाला कमी अंतर कापायला लागलं तर एका सेकंदात जास्त गोळ्या जातील, हा हिशेब. तो चूक नाही. इलेक्ट्रॉनिक मार्करवर दोन बोटं आळीपाळीने चालवणारे खेळाडू इतक्या वेगाने मारतात की कित्येक स्पर्धांना सेकंदाला दहा गोळ्यांच्या आसपास मर्यादा घालावी लागली आहे. पण बरेचजण आणखी एक गोष्ट धरून बसतात, की ट्रिगर हलका केला की गोळी जोरात जाईल. तसं होत नाही. गोळीचा वेग हवेच्या दाबावर आणि वेगाच्या स्क्रूवर ठरतो. साधारण ३ ग्रॅमची, ०.६८ इंचाची जिलेटिनची गोळी सेकंदाला ३०० फुटांच्या वर जाऊ द्यायची नाही, हा या खेळातला सगळीकडचा दंडक. आम्ही त्याच्याही बराच खाली ठेवतो. चापाने फरक पडतो तो बोटाला.

आणि नुसत्या भराभर मारण्याने डाव जिंकता येत असता तर या खेळाचा पहिला डाव वेगळाच लागला असता. हे मार्कर मुळात जंगलात झाडांवर आणि कुरणात गुरांवर रंगाची खूण करायला बनवलेले होते. ते वापरून एकमेकांवर रंग उडवायचा पहिला ठरवून खेळलेला डाव झाला २७ जून १९८१ ला, अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात. बारा जण होते. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा वनाधिकारी, आणि त्याने अख्ख्या डावात एकही गोळी मारली नाही. झाडाझाडांतून न दिसता फिरला आणि झेंडे गोळा करून आणले. मी नवीन गटाला नियम सांगताना हे आवर्जून सांगतो. पोरं ऐकतात आणि लगेच विचारतात, “पण दादा, ट्रिगर?”

मी मूळचा साखळीचा. बाबांचं गॅरेज होतं, खनिजाच्या टिपरांचं. ज्यांनी खाणी चालू असतानाची डिचोली-साखळी पाहिली नाही त्यांना त्या रस्त्यांचं सांगून कळायचं नाही. सकाळपासून लाल धूळ, टिपरांची रांग, मांडवीच्या काठावर बार्जमध्ये माल पडल्याचा घरघराट. घरातली भांडीसुद्धा दुपारी पुन्हा पुसावी लागायची. गॅरेजात सगळ्यात जास्त काम असायचं ब्रेकचं. भरलेला टिपर खाणीच्या उतारावरून दिवसभर खाली-वर करणार, मग लायनर, म्हणजे ब्रेकचं घासणारं अस्तर, झिजणारच.

या गाड्यांचे ब्रेक हवेचे. पेडल दाबलं की हवेच्या डब्यातून एक दांडा बाहेर येतो, तो एका दांडीला ढकलतो, दांडीने कॅम फिरतो, कॅमने शू पसरतात आणि लायनर ड्रमला घासतो. त्या मधल्या दांडीचं नाव स्लॅक ॲडजस्टर. लायनर झिजला की दांड्याला जास्त बाहेर यावं लागतं, म्हणजे ब्रेकची चाल वाढते. वाढत वाढत दांडा संपला की पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणून ठरावीक दिवसांनी गाडीखाली शिरायचं आणि ॲडजस्टरचा नट फिरवून चाल पुन्हा आखूड करायची.

मी चौदा-पंधरा वर्षांचा असेन. सुट्टीत गॅरेजात जायचो. एकदा बाबांनी मला पाना दिला आणि म्हणाले, कर. मी गाडीखाली सरकलो, लायनर ड्रमला टेकेपर्यंत नट आवळला आणि बाहेर आलो. ड्रायव्हरांना ब्रेक टाइट लागतो हे मी रोज ऐकत होतो, मला वाटलं अगदी त्यांच्या मनासारखं केलं. बाबांनी चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं. फिरलं नाही. त्यांनी मला पुन्हा खाली पाठवलं.

“मातशें सैल दवर, पुता.”

आमच्याकडे लिहिणं-वाचणं मराठीतलं, वर्तमानपत्र मराठी, देवघरातली आरती मराठी, पण गाडीखाली बाबांच्या तोंडी कोकणीच यायची. थोडं सैल ठेव. टेकेपर्यंत आवळायचं आणि मग पाव फेरा, फार तर अर्धा फेरा मागे सोडायचं. न सोडता ठेवलं तर लायनर सारखा घासत राहतो, ड्रम तापतो, आणि तापलेल्या ड्रमवर ब्रेकचा जोर उतरत जातो, नेमका उतारावर. हे कारण त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं नाही. फक्त चाक फिरवून दाखवलं. सोडल्यावर ते सुरळीत फिरलं.

२०१२ च्या पावसाळ्यानंतर खाणी उघडल्याच नाहीत. पुढे सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा बंद. पहिल्या बंदीतच गॅरेजसमोर टिपर उभे राहायला लागले, आणि ते दुरुस्तीला आलेले नव्हते. हप्ते थकलेले टिपर, टायर बसलेले, हौद्यात पावसाचं पाणी साठलेलं. बाबांनी स्कूटर, रिक्षा, जे येईल ते केलं. मी किनाऱ्याकडे आलो. आधी भाड्याच्या दुचाक्यांच्या दुरुस्तीला होतो, मग इथे. पाना हातातून सुटला नाही, एवढं मात्र मला तेव्हाही बरं वाटलं होतं आणि आजही वाटतं.

आता त्या डिसेंबरचं सांगतो.

आमच्याकडे दोन मार्करांना मूळचा चाप काढून दोन बोटांचा रुंद चाप बसवलेला आहे. त्यात दोन बारीक, बिनडोक्याचे ग्रब स्क्रू असतात. एक ठरवतो चाप मागे कुठवर जाईल, दुसरा ठरवतो पुढे कुठवर येईल. पहिला आवळला की गोळी सुटल्यानंतरची फुकटची चाल जाते. दुसरा आवळला की गोळी सुटण्याआधीची मोकळी चाल जाते. नाताळच्या आठवड्यात एक गट आला होता, त्यातल्या एका मुलाने खूप आग्रह केला. तो खेळायचाही चांगला. मी ॲलन की घेतली आणि दुसरा स्क्रू आवळत गेलो. दर पाव फेऱ्याला चाप ओढून बघत होतो. चाल कमी होत होत अशी झाली की बोट नुसतं टेकवलं, मनात आणलं, की सुटलं. खरं सांगतो, हातात इतकं गोड लागलं ते. हवा जोडून पाच-सहा वेळा मारून पाहिलं, काही अडलं नाही. मुलगा खूश. मीही खूश.

तिसरा डाव संपवून तो बाहेर आला. नळीवर कापडी टोपी चढवली नाही, ती त्याच्या खिशात होती. मार्कर त्याने लाकडी टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला, फक्त मार्करच्या हवेच्या सिलिंडरचं बूड टेबलाला जरा जोरात लागलं. तेवढ्यानेच गोळी सुटली. टेबलापलीकडे आमच्या मदतनीस मुलाने तोंड धुवायला गॉगल काढलेला होता. गोळी त्याच्या कानापासून हातभर अंतरावर पत्र्याला लागून फुटली. पत्र्यावर हिरवा डाग. तो मुलगा हातात पाणी घेऊन तसाच उभा.

सेफ्टीचं बटण दाबलेलं होतं. मी पहिल्यांदा तेच पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. या मार्करची सेफ्टी चापाला अडवते. सिअरला ती अडवत नाही. मी चाप पुढे येऊ दिला नव्हता, म्हणून चापाने सिअरला कायम थोडं खाली दाबून धरलं होतं, आणि मिलिमीटरभराच्या पकडीतला बराचसा भाग मी स्क्रूने खाऊन टाकला होता. दात बोल्टच्या अगदी काठावर टेकलेला. धक्का बसला आणि निसटला. गोळीचा वेग डोळा जाण्याइतका असतो, हे मी रोज सकाळी प्रत्येक गटाला घसा ताणून सांगतो.

त्या मुलाची मी त्याच संध्याकाळी माफी मागितली. तो म्हणाला, “जाऊ दे दादा, लागलं नाही ना.” मला ते जाऊ देता आलं नाही. दोन्ही मार्कर मी कपाटात ठेवून दिले आणि मे अखेरीला मैदान बंद झालं तेव्हा साखळीला घरी घेऊन गेलो.

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत पेंटबॉलचं काही खरं नसतं. गोळीचं कवच औषधाच्या कॅप्सूलसारखं जिलेटिनचं, दमट हवेने ते फुगतं, मऊ पडतं, नळीतच फुटतं. म्हणून पावसाळा हा मार्कर उघडून साफ करायचा काळ. सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, जुनं वर्तमानपत्र पसरलं, त्यावर एकेक भाग काढून मांडला. सिअरच्या खाचेत बघतो तर काय, तेलात मळलेली लाल माती. जांभ्याची धूळ, पिठासारखी बारीक, तेलाला धरून बसलेली. मैदानावर लोक लोळतात, सरपटतात, ती मार्करच्या पोटात जाणारच. शिवाय खारी हवा. स्प्रिंगवर गंजाचे ठिपके होते.

बाबा झोपाळ्यावर बसून बघत होते. हातोडी आणि हवेच्या पान्याच्या आवाजात आयुष्य गेलं, आता त्यांना कमी ऐकू येतं. थोड्या वेळाने उठून जवळ आले, खाली बसले. मी त्यांना सिअर दाखवला, बोल्ट दाखवला, दोन स्क्रू दाखवले. पत्र्याचीही गोष्ट सांगितली, तोवर घरी कोणाला सांगितली नव्हती. ते काही बोलले नाहीत. मार्कर जोडायला लावला. हवा नव्हती, गोळ्या नव्हत्या, नुसता हाताने बोल्ट मागे ओढून चाप बघायचा. मी ओढून दाखवला. खट्ट करून बोल्ट पुढे गेला.

“हो लागता. सुटता कसो, तें दाखय.”

लागतो तसा ठीक, सुटतो कसा ते दाखव. मी चाप दाबून धरूनच बोल्ट पुन्हा मागे ओढला आणि मग बोट सोडलं. बाबांना टक ऐकू येईना. त्यांनी मार्कर माझ्याकडून घेतला, डाव्या हाताच्या करंगळीचं नख चापाच्या वरच्या बाजूला चौकटीवर टेकवलं, आणि उजव्या हाताच्या बोटाने चाप इतका सावकाश सोडला की मला हालचाल दिसेना. एके ठिकाणी थांबले. मान हलवली. टक त्यांना नखातून कळली होती.

मग आम्ही पुढचा तासभर तेच केलं. मी स्क्रू फिरवायचा, त्यांनी नखाने बघायचं. मागच्या स्क्रूचं काम लवकर झालं. बोल्ट सुटेनासा होईपर्यंत आवळला, सुटायला लागेपर्यंत मागे घेतला आणि वर पाव फेरा आणखी मागे. पुढच्या स्क्रूला मात्र बाबांनी घाई करू दिली नाही. टक नाहीशी होईपर्यंत आत, टक परत येईपर्यंत बाहेर. मी म्हटलं, इथून पाव फेरा मागे, झालं. त्यांनी वर्तमानपत्रावरची ती लाल माती बोटाच्या टोकावर घेतली, माझ्यासमोर धरली आणि विचारलं, हिला जागा कुठे ठेवलीस?

मला त्यावर बोलता आलं नाही. पाव फेरा सोडला होता तो आज सोप्यावर बसून, साफ केलेल्या सिअरला पाहून. जानेवारीत त्या खाचेत पुन्हा माती येणार. दात झिजणार, स्प्रिंग मऊ होणार, टेबलावर कोणीतरी मार्कर जरा जोरात ठेवणार. त्या सगळ्यासाठी आत्ताच जागा ठेवायची होती. मी आणखी पाव फेरा मागे घेतला. मग जोडलेला, बोल्ट मागे असलेला मार्कर बाबांनी उभा धरला आणि रबरी हातोडीने सगळ्या बाजूंनी ठोकला. आठ-दहा टोले, चांगले खणखणीत. दात सुटला नाही. डिसेंबरात स्क्रू फिरवल्यावर मी ही परीक्षा घेतली नव्हती. घ्यायला हवी होती.

चाल आता पूर्वीच्या मूळ चापापेक्षा आखूड आहे, पण त्या दिवशीच्या मानाने दुप्पट तरी असेल. बोटाला तेवढी गोड लागत नाही. मी ओढतो तेव्हा सुरुवातीचा मोकळा भाग मला जाणवतो, आणि तो जाणवला की बरं वाटतं.

स्क्रू काढून, तेल पुसून, आट्यांवर स्क्रू आपोआप फिरू न देणारं निळं थ्रेडलॉकर लावून पुन्हा त्याच जागी बसवले. निळं म्हणजे हाताच्या किल्लीने परत उघडता येणारं. या स्क्रूंची मापं इंचातली, साध्या मेट्रिक संचातली किल्ली जवळपास बसते आणि कोपरे खाऊन जाते, म्हणून त्याच्या दोन किल्ल्या मी वेगळ्या डबीत ठेवल्या. बाबा आत जाऊन पांढऱ्या रंगाची एक जुनी डबी आणि काडीला गुंडाळलेला कापूस घेऊन आले. गॅरेजात नट आवळून झाला की त्यावरून आणि शेजारच्या लोखंडावरून ते एक सलग पांढरी रेघ ओढायचे. रेघ मोडलेली दिसली की नट फिरला असं समजायचं. इतक्या बारीक स्क्रूवर त्यांचा हात थरथरत होता. दोनदा पुसून तिसऱ्यांदा ओढली. मी काडी मागितली नाही.

चतुर्थी झाली, पाऊस ओसरला, ऑक्टोबरात मैदान उघडलं. आता जो कोणी ट्रिगर शॉर्ट करायला सांगतो त्याला मी यांतला एक मार्कर देतो, आणि दिवसाच्या शेवटी हवा काढून, नळीवर टोपी चढवून, बॅटरीच्या उजेडात दोन्ही स्क्रू बघतो. काल रात्री बघितलं. चापावर लाल माती होती, हिरवा रंग वाळलेला होता. ओल्या फडक्याने पुसलं. खाली पांढरी रेघ सलग होती.